संपतच्या तळ्यातला मोती

नाक मुरडू नका. मी एक चपटा कृमी बोलतोय. हो हो, किडाच. शिंपल्यात आणि माशांत राहणारा, त्यांचंच खाणारा, फुकट्या. तुमच्या पुस्तकांत मला परोपजीवी म्हणतात. म्हणा बापडे! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही तुमची जुनीच खोड.

माझं घराणं येडगावच्या धरणातलं. आमचे वाडवडील मरळ माशाच्या आतड्यात राहायचे. तिथून अंडी पाण्यात पडतात. अंड्यातलं पोर शिंपल्यात शिरतं आणि आत एकाची शेकडो होतात. मग ती बाहेर पडून एखाद्या बारक्या माशाच्या कल्ल्यात दडतात. तो मासा मरळीनं गिळला, की आम्ही पुन्हा मूळ घरी. यजमान मेला तर आपणही मेलो, एवढी अक्कल आम्हाला आहे, म्हणून आम्ही बेतानं खातो. शिंपला रोडावतो, त्याला पोरंबाळं होत नाहीत, हे कबूल. पण तो जगतो.

मी शिंपल्यातच जन्मलो आणि तिथंच अडकलो. बाहेर पडायची वाट चुकलो आणि कवचाला लागून त्याच्या मऊ मांसात रुतलो. त्याला मी खुपायला लागलो. त्यानं माझ्याभोवती चकचकीत रसाचे थर चढवायला घेतले. आधी मला वाटलं, पाहुणचार चाललाय. बऱ्याच दिवसांनी कळलं की हा मला जिवंत गाडतोय.

अशातच आळे गावचा संपत आमच्या नशिबी आला. त्याच्या शेततळ्यात रोहू-कटला मासे होते, तेवढ्यावर गडी समाधानी राहता तर काय बिघडत होतं? पण मोबाईलवर मोत्यांच्या शेतीचा व्हिडिओ पाहिला, दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि आमच्या धरणातले सहाशे शिंपले गोण्यांत भरून पिकअपमधून आणले. त्यातल्याच एकात मी. शिकवणाऱ्यानं बजावलं होतं, पंधरा दिवस शिंपले वेगळ्या टाकीत ठेवा, रोगट निघतील ते काढून टाका. संपत म्हणाला, शिंपल्याला कसली आलीय तपासणी! प्रत्येक शिंपला किलकिला करून त्यानं आत मणी सारले आणि जाळीच्या पिशव्यांतून आम्हाला तळ्यात टांगलं. मणी घातला की मोती झालाच, असा त्याचा हिशेब.

एवढ्यावर थांबेल तर तो माणूस कसला? आळेफाट्याच्या हॉटेलात त्याच्या तेजस्विनीची सोयरीक ठरली. पेठचे सोमाजी व्याही समोर बसलेले, शेजारी भावकीतला गेणभाऊ. चहाचा कप खाली ठेवून संपत म्हणाला, "माझ्या तळ्यातला मोती पोरीच्या नथीत नसला, तर मी मांडवात डोक्याला फेटा बांधणार न्हाई."

बोडक्या डोक्यानं मांडवात उभा राहणारा बाप! गेणभाऊला आयतंच कोलीत मिळालं. दिसेल तिथं तो विचारायचा, फेटा घेऊ का रे विकत, का राहू दे? संपत हसण्यावारी न्यायचा, पण रोज सकाळी तळ्यावर येऊन पिशव्या वर ओढून बघायचा. शिंपल्यांना घटकाभर चैन नाही.

वर्ष गेलं. लग्न दीड महिन्यावर आलं. एका दुपारी टोमॅटोवर कीटकनाशक मारून संपत आला आणि त्यानं फवारणीचा पंप तळ्यात धुतला. तिथं नळ होता, बादली होती. पण वाकलं की पाणी, मग दहा पावलं कोण चालतो? पंपातलं उरलंसुरलं औषधही त्यानं तिथंच ओतलं. त्याची बायको शीला बांधावरून बघत होती.

दुसऱ्या दिवशी रोहू उलटे होऊन तरंगत होते. दोन-चार दिवसांत शिंपल्यांनी तोंडं वासली आणि वास सुटला. संपतनं एक शिंपला फाकवला, आत आमच्या भावंडांचे पांढरे धागे दिसले आणि त्याला गुन्हेगार सापडला. साऱ्या गावभर करत सुटला, किड्यानं घात केला! वा रे शहाण्या. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांना जे जमलं नाही, ते तू एका दुपारी करून दाखवलंस.

शीलानं आठ दिवस ऐकून घेतलं. मग मेलेले शिंपले निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "किडा न्हाई. पंप. मी बघत व्हते."

संपत तिथून उठून गेला.

सहाशे शिंपल्यांतल्या मण्यांवर धड साय धरावी तेवढाही थर नव्हता. पण एका शिंपल्यात मण्याच्या बाजूला शीलाला ज्वारीच्या दाण्याएवढा एक वाकडातिकडा मोती सापडला. तो मोती म्हणजे मी! जुन्नरच्या सोनारानं भिंगातून बघितलं आणि सांगितलं, हा मणी घालून केलेला नाही, आपोआप झालाय. घरच्यांनी देवाला हात जोडले. आत कोण आहे, हे कुणी विचारलं नाही.

मी नथीत बसलो. संपतच्या डोक्यावर फेटा चढला. मांडवात बायका तेजस्विनीच्या नाकाशी वाकून मला बघत होत्या. किड्याचं नाव काढलं तरी ओकारी येणाऱ्या बायका! मला हसू आवरेना.

मग सोमाजी आले. म्हणाले, आमच्याकडंही तळं आहे, आम्हीही शिंपले सोडावे म्हणतो. पण तुमचे बाकीचे कशानं मेले? सारा मांडव ऐकत होता. गेणभाऊ पुढं सरकला. मी म्हटलं, आता येणार माझं नाव.

संपतनं शीलाकडं बघितलं. मग नथीकडं.

"पावणं, मी पंप तळ्यात धुतला," तो म्हणाला. "किड्याचं काय बी न्हाई. ह्या हातानं मारले." आणि त्यानं स्वतःच फेटा उतरवून पोरीच्या हातात दिला.

गेणभाऊला हसायचं सुचलं नाही. तेजस्विनीनं डोळे पुसले आणि तो फेटा आपल्या हातानं बापाच्या डोक्यावर परत ठेवला. तेव्हा नथ हलली आणि मीही हललो. चारचौघांत माणसाच्या तोंडून माझ्या बाजूनं निघालेला तेवढाच एक शब्द मी ऐकला. खरं सांगतो, बरं वाटलं.

आता मी पेठला असतो, सणासुदीला डबीतून बाहेर येतो. पंप दहा पावलं लांब धुवा, एवढंच मागणं आहे. आणि माझी किळस वाटली तर खुशाल नाक मुरडा. तेजस्विनीला मात्र सांगू नका, तिला मी फार आवडतो.