पुढचा डावा कोपरा

जुनी टेप वाजवण्याआधी भाजावी लागते, हे धाकटीला पंचाहत्तराव्या वर्षी कळलं.

इतक्या वर्षांच्या दमट हवेनं टेपा चिकट होतात. तशाच यंत्रावर चढवल्या तर त्यांच्यावरचा लेप भुकटी होऊन गळतो आणि त्याबरोबर आवाजही जातो. म्हणून आधी मंद आचेच्या पेटीत आठ तास ठेवायच्या, मग दिवसभर निवू द्यायच्या. टेपवाल्यानं हे सगळं तिला फोनवर समजावून सांगितलं. "तुमची काल भाजली, बाई. आज निवते आहे. उद्या सकाळी या. तुम्ही दोघी बहिणी कुठं बसला होतात, एवढंच मला सांगायचं."

"ताईला विचारलंत?"

"विचारलं. त्या म्हणाल्या, मला काही आठवत नाही, छोटीला विचारा."

छोटी! गुडघे बदलून झाले, मोतीबिंदू काढून झाला, तरी छोटी. थोरली तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, आणि ती तीन वर्षं पंचाहत्तर वर्षांत एक दिवसानंही कमी झाली नव्हती.

एकेकाळी त्या चौघांची चौकडी होती. दोन व्हायोलिनं या दोघी बहिणींची, एक व्हायोला आणि एक चेलो. चांडाळचौकडी, असं लोक कौतुकानं म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एकत्र वाजवलं. व्हायोलावाले आणि चेलोवाले आता हयात नाहीत. एकोणपन्नास वर्षांपूर्वी त्यांची एक रेकॉर्ड निघाली होती, त्या काळच्या नव्या चार आवाजांच्या पद्धतीची. एका रिकाम्या व्यायामशाळेच्या चार कोपऱ्यांत चौघांना बसवलं, प्रत्येकापुढे वेगळा माइक, टेपवर प्रत्येकाची वेगळी पट्टी. ऐकणाऱ्यानंही घरी चार कोपऱ्यांत चार स्पीकर मांडायचे आणि मधोमध बसायचं. कल्पना फक्कड होती, पण घरोघरी चार स्पीकर कोण मांडणार? तीन वर्षांत ती पद्धत गुंडाळली गेली. वाजवणाऱ्या चौघांपैकीही कुणी ती रेकॉर्ड चार स्पीकरवर कधी ऐकली नाही. दोनवर ऐकली, की पुढचे आणि मागचे कोपरे एकात एक मिसळत. दोन्ही बहिणी डावीकडून ऐकू येत, पुढची कोण आणि मागची कोण हे कळायला वाव नसे.

आणि धाकटीचं सगळं दुखणं त्यातच होतं.

रेकॉर्डवरच्या रचनेचा संथ भाग एका व्हायोलिननं सुरू होतो. अर्धं मिनिट ते एकटंच वाजतं, मग बाकीचे येतात. हे अर्धं मिनिट कुणी वाजवायचं, यावरून दोघींमध्ये इतकं पेटलं, की ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी तोडगा काढला. एकदा थोरलीनं सुरुवात करायची, एकदा धाकटीनं. "कुठलं ठेवायचं ते मी बघतो. तुम्ही भांडू नका." त्यांनी एक ठेवलं. कुठलं, ते कुणाला सांगितलं नाही आणि पुढच्याच वर्षी ते गेले. रेकॉर्डच्या वेष्टणावर दोन्ही नावं होती, थोरलीचं वर. मग एका वर्तमानपत्रानं लिहिलं, की त्या अर्ध्या मिनिटासाठी बाकीची रेकॉर्ड विकत घ्यावी. त्या वाक्यात नाव होतं ते थोरलीचं.

थोरलीनं कात्रण चौकटीत घालून दारापाशी लावलं, चपला काढायच्या जागी. एकोणपन्नास वर्षं धाकटी त्या घरात शिरताना त्या चौकटीपुढे वाकत आली होती.

ते अर्धं मिनिट आपलं आहे, याबद्दल तिला कधी शंका नव्हती. तिसऱ्या स्वरावर बोट जरा घसरत जातं, ते तिचंच बोट, असं ती म्हणे. नवरा होता तोवर हे दर दोन-चार महिन्यांनी त्याला ऐकावं लागे. "मग ताईंना विचार की एकदा," तो म्हणायचा. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर थोरलीनं उत्तर दिलं असतं.

आता कुणा कंपनीनं असल्या जुन्या रेकॉर्डी नव्या चकत्यांवर काढायचं घेतलं होतं. चहूबाजूंनी ऐकायची सोय हल्ली पुष्कळ घरांत असते. चार कोपरे पुन्हा वेगवेगळे ऐकू येणार होते. साक्षीदार एकोणपन्नास वर्षांनी बोलायला उभा राहणार होता. धाकटी त्या सकाळी पाऊण तास आधी पोचली.

टेपवाल्याचं काम दुसऱ्या मजल्यावर चाले, दंतवैद्याच्या दवाखान्यावर. खाली कुणाची दाढ कोरली जाऊ लागली, की वर टेप थांबे. माणूस चाळिशीचा, पोट सुटलेला, हातात पांढरे सुती मोजे. खोलीत पाच स्पीकर होते आणि मधे एकच खुर्ची. तिचे पाय कुठं टेकायचे, त्या खुणाही सतरंजीवर केलेल्या होत्या. समोरच्या मधल्या स्पीकरवर त्यानं टॉवेल घातला होता.

"हा मुका," तो म्हणाला. "तेव्हा चारच होते. पाचवा आवाज मी कुठून आणू?"

मग त्यानं टेपच्या खोक्यातला कागद दाखवला. वरच्या अर्ध्या भागावर पाण्याचा मोठा डाग, अक्षरं धुऊन गेलेली. "उजवीकडे पुढे व्हायोला, मागे चेलो. ते आवाजावरूनच कळतं. डावीकडे मात्र दोन्ही व्हायोलिनं. पुढे कोण, मागे कोण? पुस्तिकेत खोलीचं चित्र द्यायचंय, कोपऱ्या-कोपऱ्यावर नाव. असल्या चकत्या घेणारी माणसं फार चिकित्सक. चुकलं की पत्रं येतात."

धाकटीला सगळं लख्ख आठवत होतं. पुढच्या डाव्या कोपऱ्यात ताई, खिडकीपाशी, कारण तिला उजेड हवा. मागच्या डाव्या कोपऱ्यात आपण, पाठीमागे दार, दाराच्या फटीतून गार वारा, गुडघ्यांवर व्हायोलावाल्यांचं जाकीट.

"आधी ऐकवा," ती म्हणाली.

ती खुर्चीत बसली. डाव्या खांद्यामागे कान लावून बसली. तिथूनच तो सूर यायचा होता.

सूर पुढून आला.

आणि सुराच्या आधी, अगदी स्वच्छ, एक श्वास आला. नाकातून ओढलेला, तोकडा, जोरदार, सर्दी झालेल्या बैलानं मान वर करावी तसा. रेकॉर्डवर तो खरखरीत बुडून गेला होता. टेपवर तो होता. एकतीस वर्षं त्या श्वासावर चौघांचे गज एकदम उचलले जात होते. जगात तसं नाक एकच माणूस ओढत असे.

तिसऱ्या स्वरावरचं बोट घसरलं. तेही ताईचंच बोट होतं.

"दुसरंही वाजवलं होतं आम्ही," धाकटी म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "ते कुठं आहे?"

"या रिळात नाही. कापून टाकलं असणार." टेपवाल्यानं पेन्सिल घेतली. "तर पुढे कोण?"

"मी."

"पुढे तुम्ही, मागे ताई?"

"हो."

त्यानं लिहिलं. इतकंच. एकोणपन्नास वर्षांचा दावा एका अक्षरात निकाली निघाला, आणि पेन्सिलनं.

"तो सुरुवातीचा आवाज," ती म्हणाली, "काढता येतो?"

"श्वास? तुमचाच आहे, बाई."

"काढता येतो का?"

"येतो. शक्यतो मी काढत नाही. श्वास काढला की सूर दार न वाजवता आत आल्यासारखा वाटतो."

"काढा."

त्यानं भुवया वर केल्या, पण काढला. एकूण चार जागी होता. पडद्यावर तो एवढासा काटेरी ठिपका दिसे, त्यावर एक रेघ फिरली की गायब. धाकटीनं चारही रेघा फिरताना पाहिल्या आणि मगच ती उठली.

नऊ दिवसांनी दोघींना संमतीसाठी बोलावलं. सही दोघींची लागणार होती.

थोरली काठी टेकत, दर चार पायऱ्यांना थांबत आणि थांबेल तिथं बोलत वर आली. "खाली दातवाला, वर गाणं. म्हणजे रडणाऱ्यांची सोय खाली आणि रडवणाऱ्यांची वर. अगं छोटे, किती बारीक झालीस! जेवतेस ना? हा कोट माझाच ना गं? तुला अजून बसतो, मला एक हातही जात नाही त्यात."

कोट तिचाच होता. फ्रॉक तिचे, बूट तिचे, पुढे कापूस कोंबलेले. पहिलं व्हायोलिनही तिचंच, हनुवटीच्या जागी तिच्या हनुवटीचा डाग पडलेलं. थोरलीला काही आखूड झालं, की ते धाकटीचं होई, आणि आई म्हणे, बघ, ताईनं दिलं.

खुर्चीत थोरली बसली. धाकटी भिंतीलगतच्या बाकावर. टेपवाल्यानं खोलीचं चित्र थोरलीच्या हाती दिलं. तिनं चष्मा शोधला, सापडला नाही, चित्र मांडीवर ठेवलं. "राहू दे. कान आहेत तोवर डोळे कशाला?" तिनं कानातलं यंत्र नीट बसवलं.

खाई त्याला खवखवे. धाकटी बाकाच्या कडेला सरकून बसली.

संथ भाग सुरू झाला. सूर पुढच्या डाव्या कोपऱ्यातून आला, दार न वाजवता. थोरली डोळे मिटून ऐकत होती. अर्धं मिनिट संपलं तशी तिनं काठी उचलली.

"थांबवा. परत लावा."

परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग थोरली हसायला लागली. खांदे हलेपर्यंत हसली.

"ही मी नव्हे!"

"काय?" धाकटी म्हणाली.

"अगं, मी नाक ओढल्याशिवाय उभ्या जन्मात कधी सुरुवात केली आहे का? चेलोवाले म्हणायचे ना, की बाई, तुम्हाला रुमालाचं दुकान काढून देतो? इथं नाक कुठं आहे? नाही! म्हणजे ही तू. एकोणपन्नास वर्षं मी तुझ्या अर्ध्या मिनिटावर मिरवतेय आणि तू तोंडातून ब्र काढला नाहीस?"

टेपवाला मान खाली घालून हातमोज्याचं एक बोट ओढत होता. त्याला कळलं होतं. धाकटीला हेही कळलं, की तो बोलणार नाही.

"वाजवलंयस मात्र छान हं," थोरली म्हणाली. "घे बाई, तुझं तुला. ते कात्रणही घेऊन जा आज जाताना. नाव खोड आणि तुझं घाल. माझ्या भिंतीला जरा मोकळं वाटेल. मला काय कमी आहे?"

आनंद व्हायला हवा होता. धाकटीनं या क्षणाच्या शेकडो तालमी केल्या होत्या. प्रत्येक तालमीत थोरली आधी नाकारायची, मग पुरावा निघायचा, मग तिचा चेहरा उतरायचा. तो उतरलेला चेहरा हेच तर बक्षीस होतं. इथं तो उतरला नव्हता. थोरलीनं ते अर्धं मिनिट असं काढून दिलं, जसा आखूड झालेला फ्रॉक डोक्यावरून काढून द्यावा. आतल्या उबेसकट. पुढे कापूस कोंबून ते वापरायचं, आणि उरलेला जन्म ऐकायचं, बघ, ताईनं दिलं.

"ती तूच आहेस," धाकटी म्हणाली.

"काय म्हणालीस? यंत्र शिट्टी मारतंय."

"ती तूच आहेस!" ती ओरडलीच. "पुढच्या कोपऱ्यात तू होतीस, खिडकीपाशी. मी मागे, दाराजवळ कुडकुडत. मी खोटं सांगितलं यांना."

"मग माझं नाक?"

"ते मी काढायला लावलं."

थोरलीनं टेपवाल्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. खाली दंतवैद्याचं यंत्र सुरू झालं, कुणाची तरी दाढ बराच वेळ कोरली गेली, आणि तिघंही ते थांबायची वाट बघत बसली.

"म्हणजे माझं नाक कापलंस तू," थोरली अखेर म्हणाली. पण गंमत नीट जमली नाही. थोडा वेळ तिनं काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला. "आणि आता सांगतेस कशाला, वेडे? मी देत होते ना?"

"म्हणूनच."

थोरलीला ते कळलं की नाही, सांगणं कठीण. तिच्या वाट्याला आधीच कुणी वापरलेलं असं कधी काही आलं नव्हतं.

"नावं बदला," धाकटी टेपवाल्याला म्हणाली. "आणि श्वास परत घाला. चारही."

"मूळ आहे जपून ठेवलेलं," तो म्हणाला. त्यानं इतक्या चटकन ते लावलं, की पहिल्या दिवसापासूनच तो याची वाट बघत असावा, असं तिला वाटलं.

पुढच्या डाव्या कोपऱ्यातून नाक ओढलं गेलं. बाकावर बसलेल्या धाकटीचा उजवा हात मांडीवरून बोटभर वर उचलला गेला. तिनं चटकन त्यावर पर्स ठेवली.

"हां! हे आलं!" थोरली खुर्चीत सरसावून बसली. चेहरा उजळला होता, अर्धं मिनिट पुन्हा तिचं झालं होतं आणि ती ते डोळे मिटून ऐकत होती. "काय वाजवलंय गं मी!"

धाकटी उठून टेपवाल्याच्या टेबलापाशी गेली. पडद्यावर तो काटेरी ठिपका पुन्हा आपल्या जागी दिसत होता.

"हा श्वास," ती हळूच म्हणाली, "थोडा मोठा करता येईल?"