फोटोतली पट्टी

मी छपरातली एक जुनी लोखंडी पट्टी आहे, मित्रांनो. दोन बोटं रुंद, अंगावर जस्ताचा मुलामा. फ्लोरिडात, हायलिया गावी, सोराइदाबाईंच्या माळ्यावर माझा जन्म गेला. वासा भिंतीला घट्ट धरायचा, वादळाला उचलू द्यायचा नाही, एवढंच माझं काम.

सुताराने मला तीन खिळे ठोकले. पलीकडच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत त्याचे हात दमले. तिथल्या माझ्या बहिणींना एकेकच खिळा मिळाला. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढे विमा कंपनीने छपराच्या मजबुतीचा पुरावा मागितला; तो दिला की हप्त्यात सवलत. तपासनीस ओरेस्तेस माळ्यावर चढला.

"पार टोकापर्यंत जा हं!" बाई खालून ओरडल्या.

"मावशी, इथे भट्टी पेटलीय! भाजून निघालो तर तुम्हीच खाल मला!"

"तुझ्यात मांस आहे कुठे? जा मुकाट्याने!"

तो माझ्यापाशीच थांबला. शेजारी मोजपट्टी धरून त्याने माझ्या तिन्ही खिळ्यांचा फोटो काढला आणि कागदावर लिहिलं, सगळ्या पट्ट्या अशाच. मी फुलून गेले, मित्रांनो. एवढ्या जणींत माझाच फोटो!

तीन वर्षांनी मोठं वादळ निघालं. लेक नेरेइदा दारात गाडी घेऊन उभी राहिली. "आई, चल ना गं!"

"छप्पर पक्कं आहे, बाळ. फोटो काढून दिलाय त्याने. तू पोरांना घेऊन जा."

भर दुपारी छपराचा तो पलीकडचा कोपरा उचलला गेला. बहिणी एकामागून एक सुटल्या. वासा खाली आला आणि बाईंच्या पायावर पडला.

जीव वाचला, पाय अधू झाला. ओरेस्तेस भेटायला आला तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं, "टोकापर्यंत गेला होतास ना रे?"

मी मात्र जागच्या जागी. नवे सुतार म्हणतात, "ही बघा, कशी टिकलीय!" ते ऐकलं की वाटतं, गंज चढावा आणि तोंड झाकावं. मला बोलता येत नव्हतं, हे खरं. पण तो पुढे सरकला नाही याचं मला बरं वाटलं होतं, हेही खरं.

म्हणून विनवते, मित्रांनो. घर तपासाल तेव्हा उजेडातल्या एकीला पाहून परतू नका. पोटावर सरपटत जा, पण अंधारातल्या शेवटच्या पट्टीचे खिळे मोजा. तिच्याच खाली कुणीतरी निजलेलं असतं.