नीलम्मा ग्रुपमधून उठली

शेळगीतल्या त्या गल्लीत दुपारची भांडी झाली की बायका नीलम्माच्या ओट्यावर जमायच्या. रोजचंच होतं ते. पण या जमण्याला म्हणायचं काय, यावर मात्र कुणाचं एकमत नव्हतं. नीलम्माचा नवरा शिवप्पा सरळ टोळी म्हणायचा. बचतीचं सांगायला येणारा बँकेचा माणूस गट म्हणायचा. देवळातले लोक मंडळ म्हणायचे, निवडणूक आली की त्याच बायका एका रात्रीत महिला आघाडी व्हायच्या, आणि नीलम्माची सून दानेश्वरी 'अत्तींची गँग' म्हणून हसायची. घरच्या कानडीत गुंपू, पलीकडच्या यंत्रमागवाल्यांच्या तेलुगूतही गुंपूच. एरवी इतकी नावं फक्त देवाला असतात.

मग समोरच्या म्हाळसाबाईच्या सुनेनं, ऋतुजानं, सगळ्यांना मोबाइलवर एकत्र आणायचं ठरवलं. आता आली का पंचाईत! नाव तर द्यायलाच हवं.

"मंडळ ठेव की," कुणीतरी म्हणालं.

"मंडळ म्हटलं की अध्यक्ष आली, आन् अध्यक्ष आली की भांडान आलं," नीलम्मानं उडवून लावलं.

गट म्हटलं तर हप्ता आठवतो. पार्टी म्हटलं तर नवरे डोळे वटारतात.

"कळप म्हना," म्हाळसाबाई म्हणाली. तिचं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांतलं. "आमच्याकडं लई चांगला सबुद हाय त्यो."

"आमी काय मेंढरं हाव व्हय गं?" नीलम्मा फणकारली. सगळ्या खो खो हसल्या. म्हाळसाबाईही हसली, पण जरा कमीच. शेवटी ऋतुजानं कंटाळून नुसतं 'ग्रुप' असं नाव टाकलं आणि विषय मिटवला.

पहिल्याच दिवशी काय ती धमाल! फुलं, देव, शेंगाचटणी, कुणाच्या नातवाचा नाच. नीलम्मानं चष्मा काढला नाही. झोपायची वेळ झाली तेव्हा मात्र तिला प्रश्न पडला. भरल्या बैठकीतून न सांगता उठून जायला ती काय रीतभात नसलेल्या घरची होती? तिनं कुठलंही बटण न दाबता फोन तोंडाजवळ धरून गोड आवाजात सांगितलं, "येते गं बायांनो." मग बाहेर पडायची वाट शोधली. खाली तांबड्या अक्षरांत काहीतरी होतं, बाजूला दारातून बाण बाहेर निघालेला. तिनं ते दाबलं. फोननं काही विचारलं. फोन विचारेल त्याला हो म्हणायचं, हे तिला सुनेनंच शिकवलं होतं. ती हो म्हणाली आणि समाधानानं झोपली.

सकाळी बघते तर आत जाताच येईना.

"दाने, ह्येचं दार लागलंय की गं."

दानेश्वरीनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अत्ती, तुम्ही ग्रुप सोडलाय. आता ऋतुजानं परत घेतलं तरच."

"सोडला कुटं? मी उठले नुसती!"

"मी सांगू का तिला?"

"काही नको. काल आलेल्या पोरीला 'मला घ्या' म्हनू व्हय? माझ्याच ओट्यावरनं मला बाहेर काढायला निघाल्यात. मी गेले, तर का गं गेलीस म्हनून एकीनं तरी इचारलं का?"

कुणी विचारलं नव्हतं, कारण समोरच्या घरात वेगळाच हिशोब चालला होता. कळप म्हटल्याचा नीलम्माला राग आला आणि ती तणतणत निघून गेली, अशी म्हाळसाबाईची खात्री झाली होती. बरं, ओट्यावर भेट झाली असती तर दोन शिव्या देऊन मिटलं असतं. पण ग्रुप झाल्यापासून ओट्यावर येतं कोण? सगळ्या गप्पा फोनात, आणि ओट्यावर मांजर.

त्यात येळवस तोंडावर आलेली. वेळ अमावास्येला आपल्याकडं घरात कोण जेवतं? ज्याला शेत आहे त्यानं शेत नसलेल्यांना हाताला धरून न्यायचं, ही रीतच आहे. नीलम्माचं शेत मुळेगावच्या शिवारात, आणि गल्लीतल्या बायका लग्न होऊन आल्यापासून तिथंच जेवत आलेल्या. यंदा बोलावणं ग्रुपवर टाकायचं ठरलं होतं. आता कुठं टाकणार? दारोदार जावं, तर जीभ रेटेना. तरीही तिनं भज्जीचं पातेलं दरवर्षीएवढंच चढवलं. हरभरा, वाटाणा, तूर, पावटा, मेथी, सगळं पडल्याशिवाय भज्जी होत नाही आणि चौघांपुरती तर मुळीच होत नाही.

शेतात कडब्याच्या खोपीत पूजा झाली. शिवप्पानं ज्वारीत आंबील शिंपडली. नीलम्मा बाजरीचे उंडे मांडत होती आणि दर उंड्यामागं रस्त्याकडं बघत होती. रस्त्यावरनं गाड्या चालल्या होत्या, माणसं खच्चून भरलेल्या, आणि त्या दुसऱ्यांच्या शेतांकडं वळत होत्या.

"फुटली म्हनायची टोळी," शिवप्पा म्हणाला.

नीलम्माला रडूच कोसळलं. "हसा तुमी! आवो, एवढं अन्न मी कुनाला वाडू? माझी मानसं गेली की."

शिवप्पाचं हसू जागच्या जागी विरलं. त्यानं धोतराला हात पुसले आणि मोटारसायकलला किक मारली. "बस मागं," एवढंच म्हणाला.

गल्लीत सामसूम होती. म्हाळसाबाई दारातच बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. नीलम्माला बघून तिनं तोंड फिरवलं.

"आता का आलीस? तूच सोडून गेलीस की आमाला."

"आगं भवाने, मी झोपायला गेले हुते! येते म्हनून सांगून गेले हुते!"

म्हाळसाबाईनं फिरवलेलं तोंड परत वळवलं. मागं उभी ऋतुजा तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि घाईघाईनं फोन काढला. "थांबा काकू, आत्ता घेते तुम्हाला आत."

"र्‍हाऊ दे गं त्ये," नीलम्मा म्हणाली. ती उंबरा ओलांडून थेट स्वयंपाकघरात शिरली होती. "आदी सांग, जेवलासा का?"

उत्तराची गरजच पडली नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावर भांडं नव्हतं. गॅसवर काही नव्हतं. परात कोरडी, तवा भिंतीला टांगलेला. सणाच्या दिवशी, सूर्य डोक्यावर आलेला असताना, त्या घरात साधी भाकरी थापलेली नव्हती.

"सैपाक का न्हाय केलास गं?" नीलम्मानं हळूच विचारलं.

म्हाळसाबाईनं पदरानं नाक पुसलं. "येळवशीला मी कवा घरात रांदलंय? आन् माझंच काय घिऊन बसलीस? जा, बग जा गल्लीत. एकीची बी चूल पेटली न्हाय."