पहिली पायरी: चष्मा

ती यंत्रांची मॅन्युअलं लिहायची. मिक्सर, गिझर, इस्त्री, काय वाटेल ते. पद्धत एकच. वस्तू घरी आणायची, जेवणाच्या टेबलावर मांडायची आणि आपलं लिखाण बाबांच्या हाती द्यायचं. बाबा मुलखाचे हट्टी. लिहिलंय तेवढंच करणार. 'पाणी भरा' लिहिलं आणि झाकण उघडायचं राहिलं, तर खुशाल झाकणावर ओतायचे आणि वर म्हणायचे, "मला काय विचारतेस? तुझ्या कागदाला विचार!" एकदा चष्मा न लावता वाचलं आणि इस्त्रीवर बोट भाजून घेतलं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक मॅन्युअलची पहिली पायरी ठरली: 'आधी चष्मा लावा.'

मग कंपनीत लिहिणारा संगणक आला आणि लिहिणाऱ्यांना नारळ मिळाला. वर्षभर ती दारोदार फिरली. घर तिच्याच पगारावर चालायचं. ती परतली की बाबा काही विचारायचे नाहीत, आणि ते न विचारणंच तिला जास्त लागायचं.

शेवटी एका ठिकाणाहून बोलावणं आलं.

"लिहायला माणूस लागत नाही हो आता," तिथली तरुण मॅनेजर म्हणाली. "जगभरची जुनी मॅन्युअलं वाचून संगणकच लिहितो. आपण फक्त तपासायचं. यात जे खुळ्यासारखं वाटेल, ते खोडा. हीच परीक्षा."

कागद चहाच्या किटलीचा होता. पहिलीच ओळ: 'आधी चष्मा लावा.'

हे माझं आहे, माझ्या बाबांचं आहे, असं अगदी ओठांवर आलं. पण घरी वाट बघणारे बाबा आठवले, आणि तिने ती ओळ खोडली.

"शाब्बास!" मॅनेजर खळखळून हसली. "किटलीला कसला आलाय चष्मा! उद्यापासून या."

तीही हसली. त्या हसण्याची तिला वाटभर लाज वाटत राहिली.

बाबा दारातच होते. न राहवून त्यांनी आज विचारलंच. "लागली?"

"लागली, बाबा."

त्यांचा चेहरा उजळला. लगबगीने त्यांनी टेबल मोकळं केलं, चष्मा लावला आणि खुर्ची ओढून बसले. "आण बघू. काय दिलंय करून बघायला?"

"काही नाही. आता करून बघत नाहीत. नुसतं वाचायचं आणि खोडायचं."

"न करताच? मग चूक कळते कशी?"

ती पर्स खुंटीला अडकवायला वळली. बाबांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. मग चष्मा काढून डबीत ठेवला.

"बरं," तो हट्टी माणूस म्हणाला, "तू म्हणशील तसं."