कोपऱ्यातला गोल

चार मिनिटं! चाळणीबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे दोनदा पाहिलं. लेक अकराच्या ठोक्याला आत गेली आणि अकरा वाजून चार मिनिटांनी बाहेर आली. त्यांच्या काळी एवढ्या वेळात उमेदवाराचा घाम पुसून व्हायचा नाही.

"झालं?"

"झालं. आत माणूसच नाही गं आई. नुसता पडदा. तो प्रश्न विचारतो, आपण त्याच्याकडे बघून बोलायचं. मी बोलत होते तर मध्येच 'धन्यवाद' आलं, आणि खाली लिहिलं, योग्य नाही."

"योग्य नाही? असं कोण म्हणतं?"

"पडदा."

चाळणीबाई हे नाव कामगारांनी ठेवलेलं. बाटल्यांच्या या कारखान्यात बाईंनी बत्तीस वर्षं माणसं निवडली होती, आणि त्यांच्या चाळणीतून खडा म्हणून खाली पडत नसे. त्यांची युक्ती सगळ्या गावाला पाठ होती. मुलाखतीच्या खोलीत समोरची खुर्ची मुद्दाम वाकडी ठेवायची. तशीच ओढून बसला तो गेला, सरळ करून बसला तो राहिला. काचेच्या कामात वाकडं दिसलं की हात आपोआप पुढे गेला पाहिजे, असं त्या म्हणत, आणि ऐकणारा कंटाळला तरी म्हणत.

आता सांगा, असल्या बाईंची लेक चार मिनिटांत नापास! तीही कोण, तर दुसऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षं बाटल्यांतल्या केसाएवढ्या चिरा शोधणारी. ते काम तिने सोडलं ते बाईंसाठीच. बाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, पहिली शस्त्रक्रिया फसली, दुसरी झाली. लेकीने अडीच वर्षं त्यांना भरवलं, आंघोळ घातली, आणि लहान मुलासारखं पुन्हा चालायला शिकवलं. बाई काठीवर आल्या तेव्हा लेक नोकरी शोधायला निघाली. बारा ठिकाणी नकार आला होता. सकाळी केस विंचरताना ती हसत हसत म्हणाली, "इथेही नाही झालं ना आई, तर मी हा विषयच बंद करणार." ते हसणं बाईंना फार लागलं होतं. "अगं, माझा कारखाना आहे तो!" असं म्हणून त्या स्वतः सोबत आल्या होत्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीला बाकावर बसवून, काठी आपटत त्या थेट भरतीच्या साहेबाच्या खोलीत शिरल्या. साहेब ताडकन उठला. वीस वर्षांपूर्वी खुर्ची सरळ करणाऱ्यांतलाच तो.

"काय रे, काय चालवलंय हे? ज्या शहाण्याने त्या यंत्राला शिकवलंय ना, त्याला माझ्यासमोर उभा कर. काठी अजून हातात आहे माझ्या!"

साहेबाने उठून दार लावलं. "बाई, बसा. पाणी घ्या. पण ते तेवढं विचारू नका."

"विचारणार!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बाईंना थांबवणार कोण?

"यंत्राला आम्ही तुम्ही तपासलेले अर्ज दिले, बाई," साहेब म्हणाला. "बत्तीस वर्षांचे, सगळेच्या सगळे. म्हटलं, बाईंसारखी पारख कोणाची? बाई कोणाला घेतात, कोणाला नाही, ते बघून शीक."

बाईंची मान क्षणभर ताठ झाली. "मग? माझ्या पारखीने माझीच पोर नापास होईल?"

साहेबाने कपाटातून जुन्या अर्जांचा एक गठ्ठा काढून पुढे ठेवला. "तुमच्या लेकीसारखे निकाल यायला लागले, तेव्हा मीही हेच विचारलं. मग हे काढून पाहिले. कोपरा बघा."

प्रत्येक अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला एक छोटा गोल होता. बाईंनी तो लगेच ओळखला. त्यांचाच. गोल म्हणजे नको. कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कधी त्याचं कारण लिहिलं नव्हतं.

त्या अर्ज उलटू लागल्या. दोन वर्षं घरी. तीन वर्षं घरी. दीड वर्ष घरी. घरी बसलेलं माणूस गंजतं, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. मनातच होतं, आणि यंत्राने ते एका दुपारीत बाहेर काढलं होतं.

"किती आहेत रे असे?"

"सहाशे अकरा."

बाईंनी गठ्ठ्यातला शेवटचा अर्ज उचलला. एका बाईचा होता. खाली त्यांच्याच वळणदार अक्षरात शेरा होता: खुर्ची सरळ केली. उत्तरं चोख. दोन वर्षं घरी, आईचं आजारपण.

आणि कोपऱ्यात गोल.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. अक्षर बदललं नाही. "अरे देवा," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. आपलेच दात, आपलेच ओठ, आणि दाद तरी कोणाकडे मागायची?

साहेबाने हळूच एक कोरा कागद पुढे केला. "वरची मंडळी म्हणतात, बाईंची पारख चुकणं शक्य नाही. ती या बाबतीत चुकली, असं तुम्हीच लिहून दिलंत तर हा नियम काढायला लावतो. मग घरी राहिलेल्या सगळ्यांचे अर्ज पुन्हा बघू. तुमच्या लेकीचाही. समोर माणसं बसतील. घेतीलच असं नाही, पण ऐकून घेतील."

बत्तीस वर्षांत 'चुकले' हा शब्द बाईंनी लिहिला नव्हता. त्यांनी पेनाकडे पाहिलं आणि त्या उठल्या. "विचार करून सांगते," म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

जिन्यात लेकीने नेहमीसारखा त्यांचा कोपर धरला. "काय म्हणाले? मला नापास केलं कोणी?"

काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण बाईंची जीभ वळेना.

"मी," त्या म्हणाल्या. आणि पायरी पायरी उतरत त्यांनी सगळं सांगितलं. गोल, घरी बसलेली माणसं, शेवटचा अर्ज, त्यावरचा शेरा, कोरा कागद.

लेकीने हात सोडला.

ती दोन पायऱ्या खाली गेली आणि पाठमोरी उभी राहिली. बाईंनी कठडा घट्ट धरला. तीन वर्षांत जिन्यावर तो हात एकदाही सुटला नव्हता.

"त्या बाईची आई," लेक वळून न बघताच म्हणाली, "पुढे चालायला लागली का गं?"

बाईंनी ते विचारलंच नव्हतं. ती बाई खुर्ची सरळ करून समोर बसली होती, सगळं सांगत होती, आणि त्यांची पेन्सिल तेव्हा कोपऱ्याकडे निघाली होती.

त्या वळल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने कठडा, एकेक पायरी चढत, दर पायरीला थांबत, कोणाच्याही आधाराशिवाय त्या पुन्हा वर गेल्या. साहेबाचं दार उघडंच होतं.

"आण तो कागद," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आणि पेन दे. पेन्सिल नको."