जोडीचं वज्र

बाबांनी शेवटच्या महिन्यात मला एकच काम सांगितलं. देवघरातली तिबेटी घंटा आणि तिच्या जोडीचं वज्र म्युझियमला द्यायचं. एडिनबराच्या हॉस्पिटलात नोकरीला असताना एका म्हाताऱ्या सर्जनने निवृत्त होताना ती जोडी बाबांना दिली होती. "जाणत्यांकडे जाऊ दे," ते म्हणाले. मी हो म्हटलं. आई उठून आत निघून गेली.

म्युझियमचा माणूस इंग्लंडातल्या रीडिंग गावी आमच्या घरी यायचा होता, त्या सकाळी आईने घंटा चिंच-मिठाने घासून लखलखीत केली.

"आई, अगं, जुना धातू असा घासत नाहीत! तो काळा थर म्हणजे त्याचं वय."

"पाहुणा येणार आणि घंटा कळकट ठेवू?"

तिचा चेहरा इतका निष्पाप होता की मला शंका आली.

म्युझियमचा समर लंडनच्या ईलिंगमध्ये वाढलेला, तिशीतला. निळे हातमोजे घालून त्याने घंटा उचलली आणि आत टॉर्च मारला.

"काकू, हे काय केलं तुम्ही?"

आई खुशीत पुढे सरकली. "बिघडली ना रे? मग आता कसली नेतोस तू!"

"बिघडली? नो, नो! आतली अक्षरं दिसतात आता. तुमच्यामुळे!"

आईचं तोंड चिंच खाल्ल्यासारखं झालं.

"तिथे वाजवणार कोण?" तिने विचारलं.

"कोणीच नाही, काकू. काचेत राहणार. टच पण नाही करायचं."

बाबा गेल्यापासून आई दिवसभर फारसं बोलत नाही. सकाळी मात्र बाबांच्याच वेळेला, त्यांच्यासारखीच सावकाश घंटा वाजवते. मी वरच्या खोलीत ऐकत पडून राहते.

"आणि वज्र?" समर म्हणाला. "पूजेत उजव्या हातात वज्र, डाव्यात घंटा. पेअर आहे ती. एकटी घंटा आम्ही नेत नाही."

"अगंबाई! कुठे गेलं कोण जाणे," आई म्हणाली.

वज्र मुठीत मावणारं असलं तरी भरीव पितळेचं. आईच्या कार्डिगनचा एक खिसा गुडघ्याकडे निघाला होता.

समरने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही पाहिलंत का?"

बाबांना दिलेला शब्द ओठांपर्यंत आला.

"नाही," मी म्हटलं. "बाबांच्या आजारपणाच्या धावपळीत कुठेतरी ठेवलं गेलं असेल."

तो क्षणभर त्या खिशाकडे बघत राहिला. मग त्याने हातमोजे काढले आणि चहा मागितला.

काल त्याची ईमेल आली. मी आईला वाचून दाखवली: 'वज्र सापडलं का? काकूंचं कार्डिगन मशीनमध्ये टाकण्याआधी प्लीज चेक करा.'

आई खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी.

"शोध चालू आहे म्हणून कळव," ती म्हणाली. "आणि लिही, एकदा सकाळी लवकर ये म्हणावं. नुसती बघून गेलास, ऐकलीस कुठे?"