रकान्यात नसलेली विहीर

काकासाहेबाचं वागणं मला पटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. उस्मानपुऱ्यातली, दहा हात रुंद, काळ्या दगडात बांधलेली. आणि ज्याच्या अंगणात मी आहे त्याच माणसानं सरकारी अर्जावर लिहून दिलं की या जागेत विहीर नाही. लिहिलं ते कुठं बसून? माझ्याच छातीवर खुर्ची टाकून. वर मोठ्यानं वाचूनही पाहिलं. मी काही शाळा पाहिलेली नाही. माझ्यात पडलेल्या तांब्या-कळशांवर नावं कोरलेली असायची, त्यावरून चार अक्षरं ओळखते. पण 'नाही' म्हणजे काय ते मला कळतं.

माझा जन्म पोलीस ॲक्शननंतर तीन वर्षांनी झाला. काकासाहेबाचे वडील पुंजाराम तेव्हा नुकतेच पिशोरहून इथं राहायला आले होते. शेजारी निजामुद्दीन पाथरवट. ते दिवस असे होते की माणसं एकमेकांच्या दारावरून जाताना आवाज खाली ठेवायची. पाणाड्यानं नारळ हातावर धरून फिरत पाणी दाखवलं ते नेमकं दोघांच्या हद्दीवर. भांडण उकरून काढायला एवढं पुरे होतं. पण पुंजाराम म्हणाले, निम्मी तुझी, निम्मी माझी. दोघांनी मिळून खोदलं. निजामुद्दीननं माझ्या तोंडावर दगडी कमान घातली आणि कमानीवर मधली भिंत चढवली. अर्धं तोंड इकडच्या अंगणात, अर्धं तिकडच्या. दोन्हीकडं कप्पी. वर घरं दोन, खाली पाणी एकच.

एक रीत मात्र पहिल्या दिवसापासून होती. पोहायला उडी टाकायची तर आधी भिंतीपलीकडं हाळी द्यायची. तिकडच्या बाईनं आपली बादली वर ओढून घ्यायची आणि 'मार' म्हणायचं. मगच उडी. एवढीच काय ती परवानगी. तिला ना अर्ज, ना नकाशा.

काकासाहेब सहा वर्षांचा असताना माझ्यातच पोहायला शिकला. कमरेला दोर, पाठीला सुके भोपळे. पहिल्या दिवशी त्यानं जे रडणं काढलं ते मी अजून विसरले नाही. पुढं सोकावला. कमानीखालून बुडी मारायचा आणि निजामुद्दीनच्या अंगणात डोकं वर काढायचा. निजामुद्दीनची नवी सून फहमिदा त्याच्या ओल्या हातावर गुळाचा खडा ठेवायची आणि आल्या वाटेनं परत धाडायची.

बहात्तरच्या दुष्काळात सारी गल्ली माझ्यावर जगली. माझा तळ दिसला, पण मी आटले नाही. लोक चपला लांब काढून जवळ यायचे. मग घरोघरी नळ आले आणि माझा मान गेला. कुणी निर्माल्य टाकलं, कुणी फुटक्या बरण्या. पुंजाराम गेल्यावर काकासाहेबानं आपल्या बाजूला स्लॅब घातला, वर फरशी बसवली आणि गाडी लावायला जागा केली. माझं अर्धं अंग अंधारात गेलं. पलीकडून तेवढा उजेड येत राहिला. फहमिदानं कप्पी सोडली नाही. नळ आठ-आठ दिवस येत नाही, अन् ती सत्तरीची बाई, सून कामावर गेल्यावर स्वतः पाणी ओढते.

आता ऐका. काकासाहेब रिटायर झाला, गुडघे धरले. डॉक्टरनं पोहायला सांगितलं. झालं, ह्याच्या मनानं घेतलं की अंगणात स्विमिंग पूल पाहिजे. निळ्या फरशीचा. नकाशा काढणारा कारभारी शहाणा होता. त्यानं बजावलं की विहीर सामाईक आहे, बुजवायची तर शेजाऱ्यांची ना-हरकत लागंल. आता चालती विहीर बुजवायला फहमिदा कशाला सही देईल? आणि तिच्यापुढं कागद धरायचं ह्याला तोंड नव्हतं. म्हणून मग रकान्यात 'नाही'. मुरमाचा ट्रकसुद्धा सांगून ठेवला.

पाहणीला कार्यालयातून एक इंजिनिअर बाई आल्या. वयानं लहान, पण टेप स्वतः धरणाऱ्या. त्या बरोबर माझ्या स्लॅबवर उभ्या राहिल्या. तेवढ्यात खालून आवाज आला, धप्प. मग पाण्याची खळबळ, मग भिंतीपलीकडं कप्पीची कुरकुर. बाईंनी बुटाखाली पाहिलं.

"हे काय वाजलं?"

"शेजारचा बोअर असंल," काकासाहेब म्हणाला.

इतक्यात भिंतीपलीकडून फहमिदा बोलली. पाहुणे आल्याचं तिला माहीतच नव्हतं. "काका, बाहेर आवाज येतोय तुझा. नळ तर तुझ्याकडंबी नाय आला. पोराला बादली घेऊन धाड ना, विहिरीला लई पानी हाय. आपलीच तर हाय."

बाई हसल्या नाहीत. पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "काका, रकान्यात काय लिहू?"

मित्रांनो, माझं जगणं त्या एका शब्दावर आलं होतं. काकासाहेबानं भिंतीकडं पाहिलं, फरशीकडं पाहिलं. पलीकडं बादली कठड्यावर ठेवल्याचा आवाज झाला.

"आहे," तो म्हणाला. "निम्मी माझी. निम्मी त्यांची."

बाईंनी 'नाही' खोडलं, 'आहे' लिहिलं, आणि सामाईक धारकाची सही घेऊन या म्हणत अर्ज परत दिला. ती सही मागायला तो गेला नाही. गेला तो गवंड्याकडं. चार दिवसांनी फरशी निघाली, स्लॅब फुटला, आणि चाळीस वर्षांनी माझ्या डाव्या अंगाला ऊन लागलं. गाळ दोन्ही घरांनी मिळून काढला. त्यात बरण्या निघाल्या, एक कळशी निघाली, पुंजारामांचं नाव असलेली.

तुमच्या गल्लीतही माझी एखादी बहीण फरशीखाली असेल. तिच्यात कचरा टाकू नका. तिला नाही म्हणू नका.

काल काकासाहेब टॉवेल गुंडाळून, कमरेला दोर बांधून कठड्यावर आला. आजवर मी दुसऱ्यांचेच बोल परत केले. काल मात्र माझे मी बोलले, मोठ्यानं:

"काका, तू कागदावर मला पुसलंस, ते मी विसरणार नाय. पण गुडघे तुझे खरे आहेत, म्हणून ये. फक्त आधी पलीकडं हाळी दे. फहमिदा 'मार' म्हणाली तर उडी मार, नाय तर तसाच टॉवेल गुंडाळून घरात जा."